परकराच्या चोरखिशातलं पिस्तूल

“अम्मा, और कितने हैं?” पडद्याआडच्या पोलीसबाईने विचारलं. तिच्या हातात पिस्तूल होतं, ते माझ्या परकरातून निघालं होतं, आणि बाहेर बाकावर आमचे व्याही पांढरेफटक होऊन बसले होते. अबुधाबीतल्या एका सरकारी कचेरीत आम्ही दोघं जावयाबरोबर व्हिसा वाढवायला गेलो होतो. दारातल्या तपासणीच्या चौकटीतून मी पाऊल टाकलं आणि ती चौकट किंचाळली. “एकच है,” मी म्हटलं. ते लाकडाचं आहे हे सांगायचं मला सुचलंच नाही. तुरुंगाची भीती मला वाटली नाही. या वयात आयतं जेवण मिळालं तर काय वाईट? भीती होती जावयाची. पोलिसांत सासूचं नाव गेलं तर मुसफ्फा भागातली त्याची नोकरी जाणार, नोकरीबरोबर व्हिसा जाणार, आणि माझी सात महिन्यांची गरोदर मुलगी बोचकी बांधून निघणार. एवढं सगळं एका लाकडाच्या तुकड्यापायी. आणि तो लपवला होता मी.

आमच्या व्याह्यांइतका भित्रा माणूस साऱ्या अमिरातीत नव्हता, आणि त्यांना रोज हसून शेवटी त्यांच्याच नादी लागणारी माझ्याइतकी मूर्ख बाईही नव्हती. व्याही म्हणजे जावयाचे वडील. चिपळूणला बँकेत जन्मभर कॅशियर. त्यांच्या पाठीमागे दारात एक बंदूकवाला शिपाई उभा असायचा. ती बंदूक कधी उडाली नाही, पण पाठीशी होती. रिटायर झाले आणि पाठ उघडी पडली. पुढे त्यांची बायको गेली, मग तर व्याही सावलीलाही नाव विचारू लागले. मुलाकडे आले ते इथे, जिथे लोक गाडी चालू ठेवून दूध आणायला उतरतात. तरी हे चौदाव्या मजल्यावरच्या दाराला आतून खुर्ची लावायचे. मी म्हटलं, “अहो व्याही, चौदाव्या मजल्यावर चोर शिडी लावून येणार का?” तर म्हणाले, “शिडी कशाला, विहीणबाई? लिफ्ट आहे की.”

गावी परतल्यावर लायसनचा अर्ज करायचा आणि खिशात मावेल असं छोटं पिस्तूल घ्यायचं, हे त्यांनी पक्कं केलं होतं. पण अर्जाआधी वस्तू ठरली पाहिजे, हा त्यांचा हिशेबी स्वभाव. रोज सकाळी पोहे खाऊन ते मोबाइलवर पिस्तुलांचे व्हिडिओ बघत आणि शंभर पानी वहीत टिपणं काढत. लग्नासाठी मुली बघितल्यासारखं चाललं होतं. एक बुटकं, एक जाडं, एक नाकीडोळी नीटस पण स्वभावाने तापट. “लहान पिस्तूल खिशात छान बसतं, पण उडताना हाताला हिसका जोरात देतं,” ते मला समजावीत. “मोठं हातात नीट बसतं, पण खिसा फुगतो. फुगवटा दिसला की खलास!” हा अरबी खलास त्यांनी पहिल्याच आठवड्यात उचलला होता. शिवाय ज्या खिशात पिस्तूल, त्या खिशात दुसरं काही ठेवायचं नाही, किल्लीसुद्धा नाही, नाहीतर चाप ओढला जाऊन आपलीच मांडी जायची. हे त्यांना फार जड गेलं. त्यांच्या खिशात अडकित्ता, सुपारी, ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणि कवळीची डबी असा संसार होता. दोन दिवस विचार करून म्हणाले, “कवळी तोंडातच ठेवायला लागेल.”

माप घेण्यासाठी त्यांनी पहिलं पिस्तूल साबणाच्या वडीतून कोरलं. सुंदर कोरलं, नळीला भोकसुद्धा पाडलं. ते पँटच्या खिशात घालून संध्याकाळी समुद्रकाठी फिरायला निघाले, मीही बरोबर. ऑगस्ट महिना. इथल्या ऑगस्टात माणूस उभा राहिला तरी आंघोळ होते. अर्ध्या वाटेत व्याह्यांच्या मांडीवरून फेस खाली उतरायला लागला. एक फिलिपिनो नर्स धावत आली, “सर, आर यू ओके?” व्याही ताठ उभे राहून म्हणाले, “यस, यस, पर्सनल.” मी बाकावर बसून इतकी हसले की नर्सने मलाच पाणी दिलं.

दुसरं केलं लाकडाचं. ते फारच हलकं झालं; खऱ्याने खिसा कसा ओढला जाईल ते कळेना. मग सुट्टीच्या दिवशी आम्ही खोर फक्कानला गेलो. तिथे बंदरावर आमच्या कोकणातल्याच एका कोळ्याशी व्याह्यांनी गावच्या गप्पा मारून जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या मागून आणल्या. लाकूड पोखरून गोळ्या आत भरल्या, वरून मेण, त्यावर बुटाचं काळं पॉलिश. मुलगी म्हणाली, “आई, बाबांना काही बोल ना!” मी म्हटलं, “वेडे आहेत, खेळू दे.” शहाणी मी!

कारण तिसऱ्या दिवशी व्याही माझ्यासमोर येऊन बसले. “विहीणबाई, शर्टाचा खिसा, पँटचा खिसा, बंडीचा खिसा, सगळीकडे दिसतं हो. तुमच्याकडे काही उपाय?” आता मी चौथी पास बाई. मला कोणी कधी उपाय विचारला नाही. पण एक गोष्ट मला येते, परकराचा चोरखिसा. प्रवासात पैसे आणि बांगड्या ठेवायला मी जन्मभर बायकांना ते शिवून दिलेत, या बिल्डिंगमधल्याही चार जणी माझ्या गिऱ्हाईक आहेत. नाडीपासून खाली लोंबता, दुहेरी कापडाचा, तोंड आडवं, आतून बटण. पोटाच्या वळीखाली असा बसतो की नवऱ्यालाही पत्ता लागत नाही. माझा गर्व फुगला, त्याचा फुगवटा मात्र मला दिसला नाही. “खिसा तुमच्या कपड्यात चुकतोय, व्याही. आणा इकडे ते.” मी मापाचा खिसा शिवला, माझ्याच परकराला, आणि ते आत घालून त्यांच्यासमोर चालून दाखवलं. ते चष्मा पुसून पुन्हा पुन्हा बघत होते. “विहीणबाई, नाहीच दिसत!” माझ्या पोटाचं असं कौतुक जन्मात कोणी केलं नव्हतं.

“आता टोचतं का, सरकतं का, ते चार दिवस वापरून सांगा,” ते म्हणाले. मी वापरलं. तिसऱ्या दिवशी त्याची इतकी सवय झाली की आहे हेच विसरले. चौथ्या दिवशी जावयाने खालून फोन केला, “यल्ला, चला आई, उशीर होतोय!” आणि मी तशीच गाडीत बसले.

तर त्या कचेरीत आम्हाला एका खोलीत नेलं. टेबलामागे अधिकारी, कडेला पोलीसबाई, तिचा पांढरा हातमोजा पॉलिशने काळा. जावयाने माझ्याकडे पाहिलं. “बाबा तर बाबा, आई, तुम्हीसुद्धा?” मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात व्याही उठले. लिफ्टला घाबरणारा तो माणूस दोन पावलं पुढे जाऊन म्हणाला, “साहब, ये मेरा है. इनको कुछ मत करो. मेरे को पकडो.”

अधिकाऱ्याने पिस्तूल हातात फिरवलं, मेण नखाने उकरलं. शिशाच्या गोळ्या टेबलावर घरंगळल्या. त्याला चांगलं हिंदी येत होतं. “चाचा, ये किसलिए?”

“साहब, गाव में घर बडा है. बीवी गई. मैं अकेला. शाम को बहुत सन्नाटा होता है. कोई आ गया तो?”

“कौन आता है?”

व्याह्यांनी कॅशियरसारखा बोटांवर हिशेब केला. “कोई नहीं आता,” ते म्हणाले.

अधिकारी जावयाकडे बघून एवढंच म्हणाला, “बाप है तुम्हारा?” मग त्याने लाकूड कचऱ्याच्या टोपलीत टाकलं, आम्हाला सज्जड दम भरला, एका कागदावर सह्या घेतल्या आणि जा म्हणाला. नोकरी राहिली. व्हिसासुद्धा त्याच दिवशी वाढला. घर आल्यावर जावयाने स्वतः जाऊन वडिलांच्या खोलीतली ती शंभर पानी वही उचलली, आणि तिथेच बसून पहिल्यापासून वाचायला लागला.

बाळाचं बारसं करून व्याही चिपळूणला गेले. मुलाने राहा म्हटलं होतं, पण ते म्हणाले घर पडून राहील. अर्ज केला नाही. माझ्याकडून बंडीला एक चोरखिसा मात्र शिवून नेला, मोबाइलसाठी. रोज संध्याकाळी दिवा लावला की फोन यायचा. “विहीणबाई, आज कोणी आलं नाही.” मी म्हणायची, “बरं झालं. दाराची खुर्ची काढा आणि जेवा.” चार वर्षं, एक दिवस चुकला नाही. मी कुरकुरायची की माझी भाजी करपते.

गेल्या वर्षी व्याही गेले. चोर नाही, दरोडेखोर नाही; साधा न्यूमोनिया. त्या दिवशी कचेरीतून आम्ही दोघं सुटलो होतो. आता संध्याकाळी दिवा लावते, फोन येत नाही; मी तेवढी आहे.