विट्याच्या माळावरची मॅच

स्वारगेटला साताऱ्याच्या एसटीत चढले, तेव्हा कंडक्टरने माझं गोल्फचं किट वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आत बंदुका आहेत का, असं अगदी गंभीरपणे विचारलं. साताऱ्याच्या गाडीत हा प्रश्न तसा गैर नव्हता. अर्ध्याअधिक प्रवाशांच्या घरातलं कोणी ना कोणी फौजेत असणार. काठ्या आहेत, बॉल मारायच्या, असं सांगितल्यावर त्याचा सगळा रस गेला. किट खिडकीपाशी बसलं आणि मी कडेला.

हे किट बारा-तेरा वर्षं आमच्या माळ्यावर पडून होतं. वडील लष्करात, त्यामुळे माझं लहानपण छावण्यांमध्ये गेलं आणि गोल्फही तिथेच शिकले. पुढे स्पर्धा खेळले, थोड्याफार जिंकलेही. मग एके वर्षी हात थरथरायला लागला. एरवी नाही, फक्त होलाजवळ. गोल्फमध्ये लोक लांबचा फटका बघतात, पण माणसाला रडवतो तो शेवटचा, दोन हातांच्या अंतरावरचा बॉल. तो नुसता ढकलायचा असतो, आणि नेमका तेव्हाच माझ्या मनगटाला झटका बसायचा. डॉक्टर म्हणाले, हात ठणठणीत आहे. मी पकड बदलली, पटर (बॉल ढकलायची काठी) बदलला, श्वास मोजायला शिकले. शेवटच्या स्पर्धेत असे तीन बॉल हुकल्यावर मी खेळ अर्धवट टाकून घरी आले. हात थांबला की खेळू, असं सगळ्यांना सांगितलं आणि तेच स्वतःलाही सांगत राहिले.

साताऱ्याच्या सुधीरदादाने, म्हणजे माझ्या मामेभावाने, मध्यंतरी फोन केला. विट्याजवळ एका निवृत्त सुभेदारांनी स्वतःच्या माळावर नऊ होलांचं मैदान केलंय, निवृत्त फौजी तिथे दर वर्षी स्पर्धा भरवतात. बायकांसाठीही कप ठेवलाय, पण खेळणारी बाई एकच, ती सुभेदारांची बायको. ती बिचारी दर वर्षी न खेळताच जिंकते. मी लगेच हो म्हटलं. दादाला वाटलं, त्या बाईची दया आली. खरं कारण वेगळंच होतं. तिथे मला ओळखणारं कोणी नव्हतं. हात अजून थरथरतो का, ते चारचौघांत एकदा बघून घ्यायचं आणि थरथरलाच तर किट विकून मोकळं व्हायचं, असं मी ठरवलं होतं.

खंबाटकीचा घाट मागे पडला आणि दुपारी साताऱ्यात पोचले. संध्याकाळी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी जरा पाय मोकळे करावेत म्हणून गोल्फचे बूट घातले, तर दहा पावलांत दोन्ही तळवे भुगा होऊन रस्त्यावर पडले. वापरले नाहीत की हे बूट आतून कुजतात म्हणे. मी वरचं चामडं तेवढं घोट्याला घेऊन उभी, आणि दादा हसून हसून बेजार. मग राजवाड्याजवळच्या दुकानातून शाळकरी मुलींचे पांढरे कॅनव्हासचे बूट घेतले. दुकानदाराने पीटीसाठी का, म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. वर कंदी पेढे खाऊन दुःख विसरले.

सकाळी रहिमतपूरमार्गे विट्याकडे निघाले. रहिमतपूरला गाडीत आल्याची पोती चढली आणि सगळ्या गाडीला चहाचा वास सुटला. एका आजीबाईंनी माझं किट आडवं करून त्यावर ऐसपैस हात टेकले आणि पुसेसावळीपर्यंत सुनेचं कौतुक सांगितलं. सुनेचं कौतुक करणारी सासू भेटली, म्हणजे प्रवास चांगला होणार असं मला वाटलं. बाहेर उसाचा हिरवा रंग हळूहळू विरत गेला. उघडे डोंगर, त्यांच्यावर पवनचक्क्या, खाली ज्वारीचे सड आणि मध्येच कालव्याचं पाणी मिळालेली डाळिंबाची बाग. हा मुलूख मला आवडला. इथे नजरेला अडवायला काही नाही.

विट्याच्या स्टँडवर सुभेदार दिनकरराव जीप घेऊन आले होते. ताठ, मिशा पांढऱ्या, बोलणं निम्मं मराठी आणि निम्मं फौजी हिंदी. मला हॉटेलात राहायचं होतं, पण त्यांनी ते ऐकूनच घेतलं नाही. पावनी हॉटेलात राहिली तर गावात तोंड दाखवायला जागा राहील का, असं त्यांचं म्हणणं. अशा रीतीने मी माझ्या प्रतिस्पर्ध्याच्याच घरी मुक्कामाला गेले.

शालनताई दारातच उभ्या होत्या. पन्नाशी उलटलेली, रुंद खांद्यांची बाई. माहेर वाळव्याकडचं, कृष्णेकाठचं, उसाचं. लग्न होऊन फौजीबरोबर देशभर हिंडल्या. एका छावणीत दिनकररावांकडे गोल्फच्या मैदानाची देखभाल होती, तेव्हा रिकाम्या वेळात मारून बघता बघता त्या खेळायला लागल्या. त्यांनी माझे कॅनव्हासचे बूट पाहिले आणि न हसता स्वतःचे जुने बूट दाखवले. त्यांचा तळवा टायरचा होता.

जेवायला बाजरीची भाकरी, शेंगांची आमटी आणि शेवटी वाटीभर माडगं (हुलग्याच्या पिठाची गूळ घातलेली पातळ पेज). मी दोन वाट्या घेतल्या. तिसरी वाढताना शालनताई म्हणाल्या, उद्या ताकद लागंल. मी खाल्ल्या घरच्या बाईला उद्या हरवायचं कसं, या विचाराने जरा अस्वस्थ झाले, पण माडगं फारच चांगलं होतं.

सकाळी मैदान बघितलं आणि मी थक्क झाले. गवताचा पत्ता नाही. मुरमाड माळ, कुसळं, बाभळी, आणि लांबवर फडफडणारे लाल झेंडे. प्रत्येकाच्या पिशवीला हिरव्या प्लास्टिकच्या पायपुसण्याचा तुकडा बांधलेला. बॉल जिथे पडेल तिथे तो तुकडा टाकायचा आणि त्याच्यावर बॉल ठेवून मारायचा, नाहीतर काठी दगडावर आपटून मोडते. होलाभोवती हिरवळीऐवजी ‘ब्राऊन’, म्हणजे ट्रॅक्टरचं जळकं ऑइल घालून दाबलेली वाळू. त्यावरून माणूस चालला की पाऊल उमटतं. म्हणून शेवटचा बॉल मारण्याआधी त्याची वाट गोणपाट ओढून गुळगुळीत करायची असते, आणि इथली रीत अशी की ती वाट समोरच्या खेळाडूने करून द्यायची. ज्याला हरवायचं त्याचीच वाट साफ करायची! मला ही रीत मनापासून आवडली.

माळावर मेंढरं चरत होती. त्यांचे मालक बिरूआबा. माळ दिनकररावांचा, पण चराईचा हक्क बिरूआबांच्या वडिलांपासूनचा, त्यामुळे स्पर्धा असो की काही, खांडवा (कळप) आडवा आला की सगळ्यांनी थांबायचं. नियमही ठरलेले. मेंढराने बॉल हलवला तर परत जागेवर ठेवायचा, कुत्र्याने पळवला तर दुसरा घ्यायचा.

बायकांची मॅच नऊ होलांची. ज्या होलाला जिचे फटके कमी, तो होल तिचा, आणि जी जास्त होल जिंकेल तिचा कप. बाभळीखाली गावातल्या दहा-बारा बायका येऊन बसल्या होत्या. शालनताईंनी पहिला फटका मारला. ऊस तोडताना कोयता फिरवावा तशी काठी फिरली आणि बॉल मुरमावर टप्पे घेत दिसेनासा झाला. मीही सुरुवातीपासून बरी खेळत होते. अंगाला सगळं आठवत होतं, याचा मला फार आनंद झाला.

पहिल्याच होलाला माझा बॉल झेंड्यापासून दोन हातांवर थांबला. मी पटर काढला. ज्यासाठी आले होते ती वेळ आली होती. तेवढ्यात शालनताई म्हणाल्या, “आवं, उचला तुमी. एवढ्यासाटी काय वाकायचं?”

अशा मॅचमध्ये समोरच्याचा जवळचा बॉल ‘दिला’ म्हणता येतो, मग तो गेलाच असं धरतात. आणि एकदा दिला की नाकारता येत नाही. मी उचलला. दुसऱ्या होलालाही तेच. तिसऱ्याला बॉल चांगला चार हात लांब होता, तरी “उचला”. चौथ्या होलाला माझा बॉल मेंढरांत गेला आणि बिरूआबांच्या कुत्र्याने तो तोंडात धरून बांधापर्यंत नेला. बायका खूप हसल्या, मीही हसले. पण तिथेही शेवटचा बॉल मला दिला गेलाच. पाच होल झाले, बरोबरी होती, आणि मी एकदाही जवळचा बॉल ढकलला नव्हता. खरं सांगायचं तर प्रत्येक वेळी मला सुटल्यासारखं वाटत होतं, आणि लगेच स्वतःचा राग येत होता. असं खेळून मी जिंकले असते, तरी काय कळलं असतं?

पाचव्यानंतर चहा होता. बाभळीखाली कपबशी हातात घेऊन मी शालनताईंना बाजूला नेलं आणि सगळं सांगून टाकलं. हाताचं, अर्धवट टाकलेल्या खेळाचं, माळ्यावरच्या किटचं. म्हटलं, मी कपासाठी आले नाही, हे बघायला आले आहे. मला एकही देऊ नका.

त्यांनी कपबशी खाली ठेवली. मग हळूच म्हणाल्या, “घरात जेवलेल्या पावनीला दोन हातांचा बॉल मारायला लावायचा, हे मनाला बरं वाटंना म्हनून देत हुतो. न्हाईतर मला बी खरंच खेळायचं हाय. इतकी वर्सं कप घरात येतोय आन् मी त्याला हात लावत न्हाई. कुनाला हरवलंय मी?”

कप फळीवर ठेवताना दिनकररावच ठेवतात, हे त्यांनी नंतर सांगितलं. मला एकदम फार वाईट वाटलं आणि फार बरंही वाटलं. म्हणजे आम्ही दोघीही एकमेकींचा मान राखत एकमेकींचा खेळ बुडवत होतो.

सहाव्या होलाला त्यांनी माझी वाट गोणपाटाने साफ केली आणि मागे सरल्या. ‘उचला’ म्हणाल्या नाहीत. माझ्या मनगटाला झटका बसला आणि दोन हातांवरचा बॉल होलाच्या उजवीकडून निघून गेला. बाभळीखालून कोणीतरी च्च केलं. शालनताईंनी मात्र झेंडा लावला आणि पुढच्या होलाकडे चालू लागल्या. त्यांनी माझ्याकडे दयेने बघितलं असतं, तर मी तिथेच रडले असते. सहावा होल त्यांचा झाला, सातव्याला बरोबरी. आठव्याला त्यांचा बॉल बाभळीच्या काट्यात गेला आणि तो होल मी जिंकले. पुन्हा आम्ही बरोबर.

नववा होल. शालनताईंचे पाच फटके झाले, बॉल आत. माझे चार झाले होते आणि बॉल दोन हातांवर. हा गेला तर बरोबरी, नाहीतर कप त्यांचा. त्या गोणपाट घेऊन आल्या. वाट अगदी सावकाश ओढली, वाळूतला एक काटा वेचून बाहेर टाकला, पुन्हा एकदा ओढली. त्यांना मला हरवायचं होतं, आणि त्या माझी वाट आरशासारखी करत होत्या. मग बाजूला उभ्या राहिल्या.

मी वाकले. हात थरथरायला लागला. पूर्वी मी अशा वेळी तो थांबायची वाट बघायची, आणि तो आणखी थरथरायचा. या वेळी वाट बघितली नाही. थरथरतोय तर थरथरू दे, म्हटलं, आणि त्याच हाताने बॉल ढकलला. बॉल जरासा वाकडा निघाला, कडेला लागला आणि आत पडला.

मग निकालासाठी पहिला होल पुन्हा खेळलो. शालनताईंनी असा काही फटका मारला, की दिनकररावांच्या तोंडून नुसतं ‘शाबास’ निघालं. मी सहा फटके घेतले, त्यांनी चार. कप त्यांना. या वेळी तो त्यांनी स्वतः दोन्ही हातांनी घेतला आणि संध्याकाळपर्यंत खाली ठेवला नाही.

शालनताईंची लेक सांगलीला असते. दुसऱ्या दिवशी तिच्याकडे जाताना त्यांनी मला जीपमधून सांगलीला आणलं. वाटेत पुन्हा ऊस लागला, पुढे कृष्णा आली. कप त्यांच्या मांडीवर होता, लेकीला दाखवायला. स्टेशनजवळ भडंग घेतलं, अर्धं तिथेच संपवलं. गाडी आली तेव्हा त्या म्हणाल्या, “फुडल्या वर्साला या. पन जेवायला माझ्याकडंच, आन् बॉल एकबी देनार न्हाई.” मी कबूल केलं.

पुण्याच्या गाडीत खिडकीशी बसून मी हाताकडे बघत होते. माझा हात काही बरा झालेला नाही, हे मला माळावरच कळलं होतं. पण हात थांबल्याशिवाय बॉल आत जाणार नाही, हे मला कोणी सांगितलं होतं? डॉक्टरांनी नाही, वडिलांनी नाही. ते माझं मीच ठरवलं होतं आणि त्या एका समजुतीपायी इतकी वर्षं घरी बसले होते. त्याचं थोडं वाईट वाटलं, फार नाही. वयाच्या मानाने खांदे अजून चांगले आहेत, आणि शालनताईंचा तो फटका मला काही केल्या विसरता येत नाही. किट आता माळ्यावर चढवलेलं नाही. दाराशीच ठेवलंय, येणारा-जाणारा त्याला अडखळतो. रोज सकाळी मी अंगणात दोन हात लांब वाटी ठेवते आणि थरथरत्या हाताने बॉल ढकलते. कधी जातो, कधी जात नाही.