आखाजीच्या सकाळचा जोड

नथ्थूभाऊला काल प्रकाशा गावी नदीकाठी अग्नी दिला.

छातीत कळ आली. गाडीत बसवेपर्यंत सगळं संपलं होतं.

मोटार-पंपाच्या कामात आम्ही बरीच वर्षं बरोबर काढली. आधी पाइपाचं तोंड मऊ करायला बांधावर कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवायचो. मग त्याने बॅटरीवर चालणारी हीट गन घेतली. लाइट नसलेल्या शेतातही गरम हवा. केळीच्या बागेत पाइप जोडा, नाहीतर मोटारीच्या वायरवर स्लीव्ह, म्हणजे गरम केली की आवळणारी नळी, बसवा. ती गन तो कुणाच्या हातात देत नसे.

एका आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, गोष्ट आहे.

काठी गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात एक पाडा. लाइट नाही. एकच बोअर, त्यावर सोलर पंप, तोही बंद. बाया नाल्यात झिरा खणून पाणी भरत होत्या.

दुसऱ्या दिवशी आखाजी. भाऊचे वडील त्याच साली गेलेले. त्यांच्या नावाची पहिली घागर त्याला घरी भरायची होती.

आम्ही बोअरमधून मोटार वर काढली. वायरीच्या जुन्या जोडात पाणी शिरलेलं. नवा जोड केला, आतल्या वायरींवर स्लीव्ह बसल्या. वरची मोठी तेवढी राहिली आणि गनची बॅटरी संपली.

"बंदूक थकली का रे तुमची?" एक बाई हंडा टेकवत म्हणाली. सगळ्या हसल्या.

पाड्याच्या कारभाऱ्याने चुलीतला निखारा आणला. "याच्यावर शेक. ऊन आहे तोवर सोड मोटार. आजच पाणी येईल."

मीही म्हटलं, "भाऊ, देवनं नाव ले न सोडी दे. घर जानं शे."

"निखारावर स्लीव्ह वरथून जळस, आतला डिंक वितळत नही. पानी शिरी. मंग देवले बोल लावशी का?" भाऊ म्हणाला.

मी रोज माळ ओढणारा माणूस. मग मी घागरीवर आलो.

"आन बापनी घागर?"

"घरनी तुन्ही वहिनी भरी. आठली, या पाडानी, कोन भरी?"

आणि तो बॅटरी चार्ज करायला मोटरसायकलवर मोलगीला गेला. मी पाड्यातच थांबलो.

आखाजीला ऊन चढायच्या आत परत आला. गरम हवा सावकाश फिरवली. स्लीव्ह आवळत गेली, दोन्ही काठांना डिंक बाहेर आला, तेव्हा कुठे "हां" म्हणाला.

मोटार उतरवली.

पाणी आलं.

तिथं नवं पाणी आधी पूर्वजांना देतात. कारभारी एकेक नाव घेत जमिनीवर धार सोडत होता. मध्येच थांबला. घागरीचं मी त्याला आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं.

भाऊकडे वळून म्हणाला, "तुझ्या बापाचं नाव काय?"

भाऊ खाली बघत म्हणाला, "दगडू."

"दगडू," कारभारी म्हणाला, आणि हंडा पुन्हा कलता केला.

काल तोच कारभारी डोंगर उतरून प्रकाशाला आला होता. शेवटपर्यंत थांबला.

भाऊ, शांतीनं जा.
देव तुला जवळ घेवो.