दाशीत मासा नसतो

तोकिएसानचा कशावरच विश्वास नव्हता. पाहुणे दारात बूट काढून आत वळले, की ही ते बूट नीट लावण्याच्या निमित्ताने त्यांचे तळ उलटून बघायची. "बसने आलो म्हणतात, मग चिखल कसा?" नवरा-बायको फार हसत-बोलत असले तर ते नवरा-बायको नाहीतच, अजिबात बोलले नाहीत तर भांडून आलेत, रात्री कपबशा फोडणार. गरम कुंडातून कोणी लवकर बाहेर आलं तर त्याला नक्की काहीतरी रोग आहे. माझ्यावरही तिचा संशय होताच. मी जपानच्या डोंगरातल्या या गरम झऱ्यांच्या हॉटेलचा आचारी, गेनसाकु. माझ्या सुऱ्यांना आणि माझ्या हातच्या दाशीच्या रसाला कोणी नावं ठेवलेली मला खपत नाहीत, हे साऱ्या गावाला ठाऊक. तरी ही बाई ताट उचलण्याआधी त्यावरून अशी नजर फिरवायची, जशी काही मी एखादी कोळंबी खिशात घातलीय.

तिचं माहेर डोंगराच्या वरच्या अंगाला. नवरा लाकडाच्या ट्रकवर होता. एकदा बंदराकडे माल घेऊन गेला तो तिकडेच दुसरा संसार थाटून बसला. "त्याच्या शर्टाला सुकटीचा वास यायला लागला, तेव्हाच मला कळायला हवं होतं," असं ती चहा पिता पिता अगदी कोरडेपणाने सांगायची. मग ती आमच्याकडे खोल्या सांभाळायला आली. पाहुण्यांचं अंथरूण घालायचं, जेवण वाढायचं, गुडघे टेकून दार सरकवायचं, यातच तिचे केस पांढरे झाले.

सगळ्यात जास्त भीती तिला एकट्या पाहुण्यांची. पूर्वी आमच्या भागात एकट्या माणसाला खोलीच देत नसत. गरम पाण्याला माणसं जोडीने येतात, नाहीतर कंपनीच्या घोळक्याने येऊन दारू पिऊन गातात. एकटं कोण येणार? ज्याला परत जायचं नसतं तो. आमच्याकडे असं एकदा घडलं होतं. चष्मा लावणारा एक सभ्य माणूस, तोकिएसान सांभाळायची त्याच खोलीत उतरलेला. जेवणाला त्याने हात लावला नाही, आणि सकाळी दरीवरच्या पुलावर त्याच्या लाकडी चपला तेवढ्या सापडल्या. त्यानंतर कोणाचं ताट भरलेलं परत आलं, की तोकिएसानच्या तोंडचं पाणी पळायचं.

पानं लाल होऊन गळायला लागली होती तेव्हा तैवानहून श्याओबाई आल्या. साठीच्या, एकट्या, हातात एवढीशी पिशवी. मासे नको, मांस नको, कांदा-लसूण नको, असं त्यांनी फोनवरच कळवलं होतं. आईकडून शिकलेलं जुन्या वळणाचं, तोडकंमोडकं जपानी त्या बोलत.

तोकिएसान त्यांना खोली दाखवून तडक माझ्या स्वयंपाकघरात आली. "गेनसान, कुठेतरी पाणी मुरतंय."

"गरम झऱ्यांचं गाव आहे. पाणी मुरणारच."

"चेष्टा नको. आल्या आल्या गळ्यातला रेशमी रुमाल काढून मला दिला. आपण होऊन. आपल्या वस्तू वाटत कोण सुटतं, सांगा!"

"ज्याला तुमच्या तोंडाची भीती वाटते तो," मी म्हणालो. पण खरं सांगायचं तर माझ्याही मनात पाल चुकचुकली होती, फक्त निराळी. मासे न खाणारं माणूस समुद्र ओलांडून आमच्याकडे कशाला येईल? नदीपलीकडच्या हॉटेलवाल्यांनी माझा स्वयंपाक चाखायला पाठवलेली असणार.

तरी मी मन लावून रांधलं. मासा काढला, मांस काढलं, कांदा काढला. भोपळा, अळकुड्या, टोफू, रानभाजी, सगळं दाशीत हलकं शिजवलं. दुसऱ्या कशात शिजवणार? दाशी म्हणजे आमच्या स्वयंपाकातलं पाणीच. सुकवून कडक केलेल्या माशाचा कीस गरम पाण्यात सोडायचा, तळाशी बसला की गाळायचं, कीस टाकून द्यायचा. कीस टाकून दिल्यावर मासा उरतोच कुठे?

श्याओबाईंनी प्रत्येक वाडग्याचं झाकण उचललं, नाक खाली नेलं आणि तोकिएसानकडे रोखून पाहिलं. "मासे?"

"मासे नाहीत," तोकिएसान छातीवर हात ठेवून म्हणाली.

"खरं?"

"अगदी खरं."

बाईंनी एक अळकुडी उचलली, परत हुंगली, परत ठेवली. मग पिशवीतून मिठाची पुडी काढून कोरड्या भाताचे चार घास खाल्ले आणि बाकी सगळं झाकून ठेवलं. ते ताट परत आलं तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तोकिएसान मात्र रागावली नव्हती. ती ताटाकडे बघत नुसती उभी राहिली.

सकाळी मिसोचं, आंबवलेल्या सोयाबीनचं सूप नेलं. या वेळी बाईंनी प्रश्न बदलला. "यात दाशी आहे?"

"आहे तर!" तोकिएसान खुलून म्हणाली. "आमच्या गेनसानची दाशी! अख्ख्या खोऱ्यात अशी कोणाची नाही."

बाईंनी वाडगा खाली ठेवला. वाकून नमस्कार केला आणि शांतपणे म्हणाल्या, "काल तुम्ही खोटं बोललात."

तोकिएसान स्वयंपाकघरात आली ती धुसफुसत. जन्मभर तिने जगावर संशय घेतला, पण तिला खोटारडी म्हणणारं कोणी भेटलं नव्हतं. "मासे आहेत का विचारलं, नाहीत म्हटलं. दाशी आहे का विचारलं, आहे म्हटलं. यात खोटं काय बोलले मी?"

"काहीच नाही. दाशीत मासा नसतो."

"तेच तर! म्हणजे ती निमित्त काढतेय. जिला जेवायचंच नाही, तिला निमित्त पुरतं. गेनसान, ही बाई त्यातलीच आहे."

मालकीणबाईंना सांगितलं तर त्या हसल्या. तोकिएसानच्या असल्या बातम्या ऐकून त्यांचे कान किटले होते. मग तोकिएसानने आपली कामं सोडली आणि अंगणातली पानं झाडण्याच्या मिषाने दिवसभर त्या खोलीच्या खिडकीवर डोळा ठेवला. तेवढ्याच जागेत ती इतकी झाडत राहिली, की खालची माती वर आली.

उन्हं कलायला लागली आणि श्याओबाई बाहेर पडल्या. अंगात हॉटेलचा सुती किमोनो, पायांत लाकडी चपला, चाल भराभर. थेट पुलाच्या दिशेने.

तोकिएसानने मला हाताला धरून ओढलं. माझ्या दुसऱ्या हातात सोललेला मुळा होता, तो तसाच घेऊन मी पळालो. बाई पुलाच्या मध्यावर पोचल्या होत्या. धाप लागली म्हणून कठड्याला धरून उभ्या होत्या, नजर खाली. तोकिएसानने मागून झडप घालून त्यांच्या कमरेचा पट्टा दोन्ही हातांनी पकडला.

"नको! पाहुणेबाई, नको!"

"सोडा! काय नको?"

"असं करू नका हो! कोणीतरी असेल की तुमचं घरी!"

"सोडा म्हणते ना! दुकान बंद होईल!"

"कसलं दुकान?"

बाईंनी पलीकडच्या काठाकडे बोट दाखवलं. तिथे रताळीवाल्याच्या भट्टीचा धूर निघत होता. "रताळी! भाजलेली रताळी! त्यात तरी तुमची दाशी नसेल ना?"

मी हसलो. इतका हसलो, की मुळा दरीत पडला. पण तोकिएसान हसली नाही आणि तिने पट्टाही सोडला नाही. पट्टा धरूनच ती त्या चष्मेवाल्या माणसाबद्दल बोलायला लागली. त्यातलं बरंचसं मला माहीत होतं. जे माहीत नव्हतं ते असं, की ताट समोर ठेवल्यावर तो तिला म्हणाला होता, "एकट्याला घास उतरत नाही. तुम्ही बसता का? थोडं खा माझ्याबरोबर." आणि ती म्हणाली होती, "आम्हाला पाहुण्यांच्या खोलीत खायची परवानगी नाही." मग रीतसर गुडघे टेकून तिने दार सरकवून घेतलं होतं.

"नियमच होता तो," ती म्हणाली. "मी नियमच सांगितला."

इतकी वर्षं आम्ही एका चुलीचा धूर खाल्ला आणि हे ती मला कधी बोलली नव्हती. मला तिचा राग आला आणि तिची कीवही आली.

श्याओबाईंनी तिच्या हातांवर हात ठेवला. "मला मरायचं नाही. मला भूक लागलीय." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "माझी मुलगी फार आजारी होती. तेव्हा मी देवापुढे बोलले, आता माझ्यासाठी एकही जीव मरणार नाही. ती वाचली. आता मी चुकून खाल्लं आणि तिला काही झालं, तर?"

"पण कीस आम्ही टाकून देतो," मी म्हणालो.

"तुम्ही टाकून देता. पण मासा मेलाच ना?"

दाशी गाळताना तो प्रश्न मला अजूनही आठवतो आणि मला ते आवडत नाही.

परत येऊन मी नवं पातेलं काढलं. जुन्यांना माशाचा वास होता. समुद्री शेवाळाची वाळवलेली जाड पानं आणि सुकवलेल्या अळंब्या भिजत घातल्या, मंद आचेवर ठेवून त्यांचाच रस काढला. वाळक्या माशाचा डबा तोकिएसानने आपल्या हाताने बाहेर नेऊन ठेवला आणि मी भाजी शिजवत असताना माझ्या हातांवरून नजर हलवली नाही. एरवी मी तिला हाकलून दिलं असतं.

ताट तिने आत नेलं. मी दाराबाहेर थांबलो. कागदी दार अर्धवट सरकलेलं होतं आणि माझ्या स्वयंपाकाला कोण काय म्हणतं ते मला ऐकायचंच होतं.

बाईंनी झाकण उचललं. हुंगलं. पुलावर एवढं सगळं होऊनसुद्धा त्यांनी वाडगा उचलून तोकिएसानपुढे धरला. "आधी तुम्ही खा."

विश्वास नव्हताच बाईंचा. मला ते उघड दिसत होतं. तोकिएसानचे हात मांडीवरून हलेनात. पाहुण्याच्या खोलीत ती आजवर पाण्याचा घोटही प्यायली नव्हती. मग तिने वाडगा घेतला. एक अळकुडी खाल्ली, वरचा रस प्यायली, दुसरी खाल्ली. आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

श्याओबाई एकदम मागे सरकल्या. "काय झालं? मासा आहे ना? आहेच ना मासा?"

"नाही हो," तोकिएसान भरल्या तोंडाने म्हणाली. "नाही. चांगलं झालंय. खा, पाहुणेबाई, आपण दोघी खाऊ."

बाई तिच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. रडणारी बाई खोटं बोलतेय की नाही, ते ठरवत असाव्यात. मग त्यांनी आपल्या जेवायच्या काड्या उचलल्या. वाडग्यांचा आवाज तेवढा येत होता.

दार सरकलं आणि तोकिएसान माझ्यावरच आदळली. मी चोरून ऐकत होतो, हे तिच्या लक्षातही आलं नाही. तिने रिकामा वाडगा माझ्या हातात कोंबला.

"बघताय काय, गेनसान? चला! ती अजून मागतेय!"