मागीलदारचे मास्तर

रघुवीर मास्तर कुणाच्या घरी पुढच्या दारानं आत गेल्याचं मला आठवत नाही. माझ्या लग्नातसुद्धा ते मागीलदारानं आले. पुढं मांडवात पाहुण्यांचं आगतस्वागत चाललेलं, आणि हे मागं नारळ खोवणाऱ्या बायकांत पाटावर बसून चहा पीत होते. आई संकोचून म्हणाली, "मास्तर, पुडें वचून बसात. लोक कितें म्हणटले?"

"लोक पुडें आसात, म्हणून तर हांव फाटल्यान आयलों," मास्तर म्हणाले आणि दुसरा कप मागितला.

पेडण्याच्या आमच्या हायस्कुलात ते चित्रकला शिकवत आणि मी मराठी. किंचित पोक आलेली उंच अंगकाठी, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत रंगांची पेटी. शाळा सुटली की घरी जाताना वाटेत कुठल्याही परसात शिरायचे, तांब्याभर पाणी मागायचे आणि कपडे धुण्याच्या दगडावर बैठक मारून चित्र काढायला लागायचे. बायका आपापली कामं करत राहत. मास्तर म्हणजे परसातलंच एखादं झाड, असं त्यांनी मानून टाकलं होतं. फार तर कुणी दटावायची, "मास्तर, तो मोडको पिंप काडूं नाकात. बरें कितेंय काडात." मास्तर मोडकं पिंपच काढायचे.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "पुडल्या दारांत घर उलयता. फाटल्या दारांत घर रावता." पुढं घर बोलतं, मागं राहतं. मी त्यांना चिडवायचो, "म्हणजे माझ्याकडे पुढून आलात तर मी खोटं बोलेन?" ते गंभीरपणे म्हणायचे, "तूं मराठी शिकयता. तूं बरें करून उलयतलो."

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या सुमाराला पंचायतीच्या सभागृहात त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. पहिलं भांडण पाटीवरून झालं. पाटी मराठीत लिहायची की कोकणीत, यावर दोन सदस्य इतके हातघाईवर आले की प्रदर्शन राहतंय की जातंय असं झालं. शेवटी मास्तरांनी पाटीवर एक उघडं दार रंगवलं आणि विषय संपवला. घरात कोकणी बोलून कागदावर मराठी लिहिणारी आम्ही माणसं. आम्हाला ते दार बरोब्बर वाचता आलं.

उद्‌घाटनाला पणजीहून पाहुणे आले. त्यांनी खासगी जीवन आणि सार्वजनिक अवकाश या विषयावर अर्धा तास भाषण केलं. टाळ्या झाल्या, सोडा झाला. मास्तर मात्र सारखे दाराकडे बघत होते. दिवसभरात पुरुष आले, विद्यार्थी आले, पोस्टमन आला. बाई एकही आली नाही. संध्याकाळी मास्तर माझ्याशेजारी पायरीवर बसले. त्यांचा चेहरा एवढा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता.

"जांचीं दारां तांणीं पळयलीं ना जाल्यार ही चोरी," ते म्हणाले. "तांचें घराचें हांवें हाडून लोकांक दाखयलें, इतलेंच." ज्यांची दारं त्यांनीच पाहिली नाहीत, तर त्यांच्या घरातलं उचलून आणून लोकांना दाखवलं, एवढंच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते माझ्या मागीलदारी हजर. "चल, चूक सांपडली!" चूक अशी, की आमच्या बायका त्या सभागृहात पुढच्या दारानं कधी शिरतच नसत. पुढं सभा भरायच्या, खुर्च्या मांडल्या जायच्या. बायका जायच्या त्या जेवणावळीला, वाढायला, मागच्या दारानं. आणि जन्मभर मागची दारं रंगवणाऱ्या या माणसानं नेमकं तेच दार मोडक्या बाकांनी बंद करून टाकलं होतं. मी पोट धरून हसलो. मास्तरही हसले. दोघांनी बाकं उपसली, पायरी झाडली, शेवटची चित्रं पहिली केली.

दुपारी सगळ्यांच्या आधी सुमतीवैनी आल्या. मास्तरांच्या शेजारघरच्या धाकट्या सूनबाई. चोविसाव्या वर्षी नवरा गेला तेव्हापासून त्या घरात राबत होत्या. रोज मागीलदारी बसून मोठ्या जावेसाठी आबोलीची फाती, म्हणजे गजरा, गुंफायच्या, पण विधवेनं फूल माळायचं नाही, म्हणून स्वतःच्या केसांत कधी नाही. त्या एका चित्रासमोर थबकल्या. चित्रात त्याच होत्या. मांडीवर फुलांचं सूप, हातात दोरा. आणि कानामागं, केसांत, केशरी रंगाचा एक ठिपका.

"मास्तर, तें फूल दिसता," त्या हळूच म्हणाल्या.

"आबोलेचो रंग बरो बसला न्हय?" मास्तर खुशीत.

"माज्या माथ्यार दिसता."

मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. कुणी नाही असं समजून वैनींनी क्षणभर माळलेलं ते फूल त्यांनी पाहिलं होतं, रंगवलं होतं, पण त्याचा अर्थ त्यांच्या डोक्यातच शिरला नव्हता. आदल्या दिवशी शंभर पुरुषांनी ते चित्र पाहिलं, कुणालाच काही दिसलं नाही. बायकांना एका नजरेत दिसलं असतं. आणि मागच्या पायरीवर बांगड्या वाजत होत्या, मोठ्या जावेचा आवाज तर मलाही ओळखू आला.

मास्तरांनी चित्र खिळ्यावरून उतरवलं आणि तोंड भिंतीकडे करून परत टांगलं.

"हें कितें उरफाटें?" मोठ्या जावेनं आल्याआल्या विचारलं.

"तें अजून सुकूंक ना. हात लावूं नाकात."

बायका पुढं गेल्या. आपापली परसं ओळखून हसल्या, एकमेकींच्या फाटक्या परकरांची थट्टा केली, मास्तरांना मोडक्या पिंपाबद्दल भरपूर बोलणी बसली. संध्याकाळी मात्र मास्तर मला म्हणाले, "तीस वर्सां पळयत आयलों. पळोवंक अजून येना." तीस वर्षं बघत आलो, बघता अजून येत नाही. त्या दिवसानंतर त्यांनी विचारल्याशिवाय माणूस काढला नाही.

चित्र त्यांनी वैनींना देऊ केलं. "घरांत दवरूंक जागो ना. तुमचेकडेन आसूंदी," त्या म्हणाल्या. मग ते मास्तरांच्या खोलीत उलटंच टांगलेलं राहिलं. विचारणाऱ्याला उत्तर एकच, अजून सुकलं नाही. पाण्याचे रंग वाळायला किती वेळ लागतो हे चित्रकलेच्या मास्तरांना कोण सांगणार? पंधरा वर्षं ते चित्र ओलं राहिलं.

मास्तर गेले. बाराव्या दिवशी आम्ही त्याच सभागृहात त्यांची चित्रं लावली. मागचं दार उघडलं. ते चित्र मी होतं तसं, भिंतीकडे तोंड करूनच टांगलं. सगळ्या बायका जमल्यावर सुमतीवैनी आल्या. केस पांढरे झालेले, जाऊबाई त्यांच्या हाताला धरून चालत होत्या. वैनी चित्रापाशी थांबल्या आणि मला विचारलं, "सुकलें रे मास्तरांचें?"

वैनींनी जावेचा हात सोडला, चित्र खिळ्यावरून काढलं, फिरवलं आणि सरळ टांगलं.

जाऊबाई चष्मा पुसून कितीतरी वेळ बघत राहिल्या. वैनींनी केसांतल्या त्या केशरी ठिपक्यावर बोट ठेवलं आणि त्यांच्याकडे वळून विचारलं, "सोबता गो माका?"

"सोबता," जाऊबाई म्हणाल्या. "तेन्नाच सांगपाचें आशिल्लें गो."

बारा दिवसांत मला रडू आलं नव्हतं. मी मागच्या पायरीवर जाऊन बसलो आणि पोटभर रडलो.