अप्पांना ऐकवायचं फ्रेंच

आम्ही धारवाडात एम.ए. फ्रेंच करत होतो, एवढं ऐकूनच लोक हसायचे. पुढचं सांगायची वेळच यायची नाही. मग किस्से साठणार नाहीत तर काय!

चार विद्यार्थी आणि एक मॅडम, एवढाच आमचा संसार. मॅडमचा नियम एकच. उंबरा ओलांडला की फक्त फ्रेंच. कन्नड, मराठी चपलांसोबत बाहेर. पहिल्या दिवशी आम्ही तासभर मुके बसलो. शेवटी मॅडम म्हणाल्या, "तुमचं गप्प बसणंसुद्धा अजून धारवाडीच आहे!"

*

बसू नवलगुंदकडचा. 'फ्रेंच घरातलं जेवण' या निबंधात त्यानं लिहिलं, पाहुणा आला की घरची बाई आधी पाय धुवायला तांब्याभर पाणी देते, मग वाईन. मॅडमनी लाल पेन उचललं आणि परत ठेवलं. राहू दे म्हणाल्या, फ्रेंचांना सुचलं नाही त्याला आपण काय करणार!

*

सप्तापूरच्या माझ्या घरमालकीण अक्कांना एकच काळजी, हे शिकून तुम्ही बोलणार कुणाशी? आम्ही नोकरी-बिकरी सांगत बसलो. आमच्यातली वनिता म्हणाली, "आमच्या अप्पांशी."

ते खरंच होतं. वनिता जुन्या हुबळीची. अप्पा म्हणजे तिचे वडील, जन्मभर हमाली करून आता छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेले. संध्याकाळी ती घरी पोचली की म्हणायचे, आज काय शिकलीस ते बोलून दाखव. कळायचं एक अक्षर नाही, तरी शेजाऱ्यांना सांगायचे, आज पोरगी जरा घाईत बोलली! यावर आम्ही पोट धरून हसायचो. आता हसू येत नाही.

*

मग वनिताची फ्रान्समधल्या एका शाळेत वर्षभर शिकवायला निवड झाली. अप्पांनी गल्लीभर पेढे वाटायला लावले. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, आता फार दिवस नाहीत. घरी सांगायचं तिला धाडस होईना. आई तर, हे बरे होणारच, म्हणून लेकीच्या बॅगेत चटणीची पुडी भरत होती. फार वाईट दिवस होते ते.

मॅडमना कळलं तेव्हा त्या तास सोडून उठल्या. वनिताला हाताला धरून बाहेर चपलांपाशी नेलं आणि मराठीत विचारलं, जेवलीस का? दोन वर्षांत पहिल्यांदाच.

*

त्याच दिवसांत मी एकदा तिच्या घरी गेले. आई आत चहा टाकत होती. अप्पा म्हणाले, "बोल की काहीतरी. मैत्रीण आलीय, तिला बी ऐकू दे."

वनिता त्यांच्या पायांशी बसली आणि फ्रेंचमध्ये बोलू लागली. डॉक्टर काय म्हणाले ते सगळं सांगितलं. मी फ्रान्सला जाणार नाही, तुम्हाला सोडून कुठंच जाणार नाही, म्हणाली. चेहरा हसरा, आवाज एकदाही हलला नाही. त्या घरात ते कळणारी मी एकटीच. मला वर बघवेना.

अप्पा नेहमीसारखे डोळे मिटून ऐकत होते. तिचं बोलून झालं तसा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"चांगलं बोललीस ग," ते म्हणाले. "आईला मात्र यातलं काही सांगू नको."