जुम्म्याचा अंगठा

ती घटना आठवली की आजही नवारीच्या खाटेवर निर्धास्त बसवत नाही. महायुद्धाचे दिवस होते, राज्य निजामाचे. मी नांदेडला अमीन, म्हणजे आजच्या भाषेत फौजदार होतो.

नांदेडात खाटेची नवार, म्हणजे रुंद सुती पट्टी, विणणारा एक लहान कारखाना होता. युद्धामुळे त्याला विमानातल्या आसनाचे पट्टे विणायचे काम मिळाले. माल रेल्वेने दूरच्या विमान कारखान्यात जाई. एके दिवशी तिथले एक शिकाऊ विमान उतरताना आदळले. विमान शाबूत राहिले, पण पट्टा तुटला आणि आत बसलेला तरुण गेला. तुटक्या पट्ट्यावर नांदेडच्या गुंडीचा, म्हणजे पट्ट्याच्या गुंडाळीचा, नंबर होता.

त्याच आठवड्यात खबऱ्याने कळवले, की कारखान्यात माल तपासणारा म्हातारा सरकारविरुद्ध बोलतो. मोहतमीमसाहेबांना, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखांना, एवढे पुरे होते. घातपाताचा गुन्हा लावा, म्हणाले. लढाईच्या काळात त्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकत होती.

म्हाताऱ्याला सगळे चाचा म्हणत. प्रत्येक गुंडीचा हातभर तुकडा कापायचा, आकड्याला अडकवून दोन मणांचे वजन टांगायचे, तुकडा टिकला तर रजिस्टरात आणि पार्सलाच्या चिठ्ठीवर अंगठा उठवायचा, हे त्यांचे काम. त्यांना अक्षरओळख नव्हती, म्हणून नोंद कारकून लिही. त्या नंबरापुढे ‘पास’ लिहिलेले होते आणि अंगठाही होता.

त्यांना कोठडीत ठेवून दोन दिवस मी आवाज चढवला, धाक घातला. आज त्याची लाज वाटते. चाचा एवढेच म्हणत, “अंगठा माझाच हाय, साहेब. मी न्हाई म्हननार न्हाई.” खोटा माणूस आधी अंगठाच नाकारतो, हा माझा अनुभव. मग मी त्यांचा नाद सोडला आणि रजिस्टर घेऊन बसलो.

खिडकीच्या उजेडात भिंग लावून पाहिले. नोंद आधी लिहितात, अंगठा नंतर उठतो. इथे अंगठ्याच्या काळ्या शाईवरून लेखणीची निळी रेघ गेली होती. अंगठा आधी, मजकूर मागाहून. अशा आणखी नोंदी निघाल्या आणि सगळ्या शुक्रवारच्या.

चाचांना पुन्हा बोलावले, या वेळी चहा देऊन. ते म्हणाले, “जुम्म्याला मी नमाजला जातो. माल ऐन नमाजच्या वक्ताला तयार व्हायचा, पार्सल तर दुपारच्या गाडीला जायचं. म्हनून आदल्या दिशी, बेस्तरवारीच अंगठे देऊन ठेवायचो. वजन टांगून घेऊ, असं कारकूनसाहेब म्हनले व्हते.”

कारकून नाकासमोर चालणारा माणूस. रजिस्टर पुढे ठेवताच त्याला रडू फुटले. वजन उचलायला दोघे लागत आणि जुम्म्याच्या नमाजाच्या सुट्टीत तो एकटाच असे. विमानवाले तपासूनच पट्टा लावत असतील, असे त्याला वाटले. मी विमान कारखान्यात गेलो. आवक वहीत ओळीने ‘तपासले’चे शिक्के होते. भांडारप्रमुखाला विचारले, तपासता कसे? तो शांतपणे म्हणाला, चिठ्ठीवर नांदेडचा अंगठा पाहतो आणि शिक्का मारतो.

मी अहवालात सगळे लिहिले. मोहतमीमसाहेबांनी विमान कारखान्याचा भाग खोडला. तो तुमच्या हद्दीत येत नाही, म्हणाले. कारकुनाला खोट्या नोंदीबद्दल शिक्षा झाली. चाचा सुटले.

सोडताना त्यांची टोपी आणि पानाचा डबा परत दिला. ते जागचे हलले नाहीत.

“साहेब, खरं सांगा. त्यो पोरगा माझ्यामुळं गेला का?”

मी म्हणालो, कागदावर तुम्ही निर्दोष आहात.

“कागदाचं न्हाई इचारलं.”

मी मान खाली घालून रोजनामचा लिहू लागलो. ते टोपी घालून निघून गेले. पुढे लेकीकडे लातूरला राहायला गेल्याचे ऐकले.

नोकरीत मी चोर, दरोडेखोर पुष्कळ पाहिले. त्यांच्यापासून सावध राहता येते. इथे तीन भली माणसे एकमेकांच्या भरवशावर राहिली आणि वजन कोणीच टांगले नाही. त्यानंतर न पाहिलेल्या गोष्टीच्या कागदावर मी सही केली नाही. त्यापायी वरिष्ठांची बोलणीही खाल्ली. पण चाचांचे देणे राहिलेच. ‘हो चाचा, थोडा तुमच्यामुळेही,’ एवढे खरे उत्तर त्यांना हवे होते. ते ऐकायची त्यांची तयारी होती. सांगायची माझी झाली नाही.