दगडी घराच्या दाराबाहेरचे बूट

आई गेली त्यानंतरच्या जानेवारीत बाबा तीन महिन्यांसाठी माझ्याकडे क्राइस्टचर्चला आले. त्यांनी आता कायमचं इथेच राहायचं, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. फक्त त्यांना विचारायचं राहिलं होतं. घरात बोलणं त्या बाजूला वळलं की ते पेपरात डोकं घालायचे. म्हणून एका शनिवारी मी त्यांना ओटागोच्या डोंगरांत चालायला नेलं. तिथल्या एका दरीत, सोन्यामागे आलेल्या खाणकामगारांची जुनी दगडी घरं आहेत. बाबांची हयात पीडब्ल्यूडीत बांधकामं तपासण्यात गेलेली. दगड बघून गडी मऊ पडेल, असा माझा अंदाज.

त्या दरीत वाट सारखी नदीतून जाते. पाणी घोट्याएवढंच, पण हाडं गोठवणारं. इथले लोक बुटांसकट खुशाल पाण्यात शिरतात. बाबा मात्र दर वेळी खडकावर बसायचे, नाड्या सोडायचे, मोजे बुटांत खुपसायचे, पँट दुमडायचे आणि पलीकडे गेल्यावर रुमालाने पाय पुसून सगळं पुन्हा चढवायचे. समोरून आलेलं एक जोडपं "किया ओरा" असा इथला माओरी नमस्कार करत आमच्या शेजारून छपछप करत निघून गेलं. पाचव्या वेळी माझा पारा चढला.

"बाबा, असं केलंत तर आपण उद्या पोचू! बूट घालूनच क्रॉस करा ना, सगळे करतात."

"चांगले बूट आहेत गं. तूच घेऊन दिलेस ना?"

मी बुटांसकट पलीकडे गेले आणि तोंड फुगवून उभी राहिले.

पहिलं घर लागलं ते एका खोलीचं. छप्पर नाही, दार नाही, आत गुडघाभर गवत. बाबांनी उंबऱ्याबाहेर बूट काढून नीट जोडीने ठेवले आणि आत गेले. मला हसू आलं. मग मीही माझे चिंब बूट त्यांच्या शेजारी काढले.

सांध्यांतल्या दगडी चिपांवरून बोट फिरवत ते म्हणाले, "काम चोख आहे. भिंती अजून उभ्या आहेत. पण माणसं गेली की आधी छप्पर जातं."

"बाबा, इथेच राहा ना. कायमचे."

इथे डोकं घालायला पेपर नव्हता.

"आपल्या वाईच्या घराची कौलं तुझी आई दर वर्षी पावसाआधी माझ्यामागे लागून चाळून घ्यायची. यंदा आठवण करून द्यायला कोणी नाही. मलाच जायला हवं."

मला रडू फुटलं. त्यांनी रुमाल पुढे केला, पाय पुसून ओला झालेला. मी तोच घेतला.

परतताना पहिल्या पाण्याशी ते खडकावर बसले, तशी मीही बसले आणि नाड्या सोडायला लागले.

"आता उशीर नाही का होत?"

"नाही."

माझे बूट आधीच भिजले होते, काढून काही उपयोग नव्हता. तरी दर पाण्याशी काढले. शेवटचं पाणी ओलांडल्यावर आमची गाडी दिसायला लागली. बाबा बूट चढवून तयार उभे होते. माझी बांधून झालेली नाडी मी पुन्हा सोडली, तेवढाच आणखी उशीर.